दादा म्हणाले, चार लिटर

४ डिसें.
दादांना माझ्याकडे कळंबला आणून महिना झाला. विसरणं वाढतंय. डॉक्टर म्हणाले, वडिलांना त्यांच्या जुन्या कामाचं विचारत राहा. चाळीस वर्षं रंगारी. टेप कधी लावला नाही. उंबऱ्यात उभं राहायचं, एकदा नजर फिरवायची, आकडा सांगायचा. आज त्यांच्याच खोलीच्या उंबऱ्यात उभं केलं. बराच वेळ बघितलं. "चार लिटर. दोन हात मारून." आवाज अगदी पूर्वीचा. स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

५ डिसें.
विलासने टेप लावलाच. दहा बाय दहा, उंची दहा, दार-खिडकी वजा. सहा लिटर म्हणे. "अगं, साधा हिशेब आहे!" नवऱ्याशी भांडले. मंचरहून चारच आणले, फिकट हिरवा. दुकानदार मशीनवर कालवताना म्हणाला, "ताई, एकदमच न्या. परत कालवला तर आसाच येईल आसं नाय." ऐकलं नाही. दादा चुकतील हे मला मान्यच नव्हतं.

८ डिसें.
विलासने तीन भिंती केल्या. डबा खरवडून रिकामा. चौथी कोरी. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

९ डिसें.
दुसरा डबा. नंबर तोच, रंग पिवळट. कोपऱ्यात हातभर लावून बघितला नि थांबलो. कुठून बुद्धी झाली मला दादांना माप विचारायची…

११ डिसें.
दुपारी दादा कोऱ्या भिंतीपुढे बसलेले. मला बघून उठले, टोपी हातात घेतली.
"बाई, माप माजं चुकलं. आसं कदी व्हत न्हाई. कमी पडला तेवढा मी घालतो, माज्या पदरचा."
म्हटलं, "दादा, मी सुमन."
"व्हय, सुमन माजी पोरगी. तिला कळू देऊ नका, बाई."


१२ डिसें.
सकाळी स्वतःच उंबऱ्यात उभे. नजर फिरवली, चौथ्या भिंतीवर थांबली. "दोन लिटर." अगदी बरोबर. दोनच लागतात. पण तो हिरवा आता कुठून आणू?
ब्रश हातात घेऊन बसलेत. "बाई, सुरू करू का?" तीनदा विचारून झालं. हो म्हटलं तर मी मालकीणबाई. नाही म्हटलं तर त्यांचं काम गेलं.