बुधवार

दादा,

फोनवर मी तुला "बाबा ठीक आहेत" म्हणालो, ते खरं नव्हतं.

श्वासाच्या आजाराच्या साथीतले रुग्ण वॉर्डात आले की त्यांचा तक्ता मी भरतो. वय, श्वास, ऑक्सिजन, आणि रुग्ण भानावर आहे की नाही. जितके गुण जास्त, तितका जिवाला धोका जास्त, आणि अतिदक्षतेची खाट त्याला आधी. भान तपासायला वार विचारतात.

बाबांना आणलं त्या दिवशी वार विचारला, तर ते नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. बापाला नापास कसं करायचं? मी हळूच म्हणालो, "बुध."

"बुधवार. एवढं कळतं मला, शहाण्या."

मी "भानावर" असं लिहिलं. अतिदक्षतेत खाट एकच रिकामी होती. ती एका गुणाने बाबांच्या शेजारी झोपलेल्या मास्तरांना गेली.

आज शनिवार. बाबांचा श्वास मिनिटाला चौतीस झालाय. मी पुन्हा वार विचारला आणि या वेळी ओठ घट्ट मिटून घेतले.

"बुधवार," बाबा म्हणाले आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघू लागले.

या वेळी मी खरं तेच लिहिलं. डॉक्टरीणबाई तक्ता बघून म्हणाल्या, "खाट रिकामी झाली की लगेच नेऊ." मास्तर अजून तिथेच आहेत, आणि त्यांचं काही खरं नाही म्हणतात. तेव्हापासून मी अतिदक्षतेच्या दाराकडे बघत बसलोय. कशाची वाट बघतोय, ते तुला कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून हे पत्र खिशातच राहील.

तुझा,
धाकटा