दुखणं राखून ठेवलंय

चऱ्होली,
७ नोव्हेंबर

ती. स्व. दादास,
स्वरूपाचा सा. न. वि. वि.

फोनवर किडनीचा विषय निघाला की तू ‘जेवलीस का’ विचारतोस आणि फोन वहिनीकडे देतोस. म्हणून पत्र. माझा रक्तगट तुझ्याशी जुळला. वहिनीला शुगर, म्हणून ती बाद. तेव्हा आता किडनी देणार ती मीच. डॉक्टर म्हणाले, आठ-नऊ किलो वजन उतरल्याशिवाय पुढच्या तपासण्या नाहीत. म्हणून दिवाळीचा फराळ संपायच्या आत पळायला लागले.

हसू नकोस. पहिल्या दिवशी दिघीच्या रस्त्याने दोन विजेच्या खांबांपर्यंत पळाले आणि तिसरा धरून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी मांड्या अशा धरल्या की जिना उलटा उतरले. कंपनीत वायरिंगच्या लाईनवर आख्खी शिफ्ट उभी असते, वाटलं होतं पाय कणखर असतील. उभे राहणारे पाय वेगळे नि पळणारे वेगळे. रविराज म्हणतो, बायको पळाली असं सोसायटीत सांगायचीही चोरी झालीय.

सेकंड शिफ्टच्या आठवड्यात पळणं बुडतं. मग गुरुवारच्या सुट्टीला सगळा बॅकलॉग भरून काढते, कंपनीत काढतो तसाच. नडग्या ठणकतात, पण मी मागे हटणार नाही.

लोभ आहेच, नकाराचा हट्ट तेवढा सोड.

तुझी,
स्वरूपा

राजगुरुनगर,
१८ नोव्हेंबर

चि. सौ. स्वरूपास,
गणूदादाचे अनेक आशीर्वाद.

डायलिसिसच्या खुर्चीत बसून लिहितोय. डावा हात मशीनला जोडलेला, कागद मांडीवर. अक्षर लागलं नाही तर नर्सला बोल लाव.

शाळेची घंटा झाली तरी तू कधी पळाली नाहीस, मीच तुझं दप्तर घेऊन पुढे धावायचो. आणि आता हे खूळ! अगं, बॅकलॉग मालाचा असतो, पायांचा नसतो. चाकणला इतकी वर्षं लेथ चालवली, मशीन तापलं की आम्हीसुद्धा बंद करायचो. तुझ्या वहिनीने तिळाचं तेल पाठवलंय, चोळून घे.

बाकी मुद्द्याचं. तुझी स्वप्नाली अजून दुसरीत आहे. तिच्या आईच्या अंगावर माझ्यापायी चिरा पडलेला मला बघवणार नाही. बहिणीची किडनी घेणार नाही, असं मी डॉक्टरांना सांगणार आहे. माझं मशीनवर निभतंय.

दादावर राग धरू नये, माया धरावी.

तुझा,
दादा

चऱ्होली,
९ डिसेंबर

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तू नाही म्हणालास, म्हणून मी चेवाने जास्तच पळाले. गुडघा सुजला. आमच्या लाईनवर पाय किंवा कंबर दुखली की फर्स्ट-एडच्या डब्यातली पेनकिलर चहाबरोबर घ्यायची, कुणी कुणाला विचारत नाही. मीही घ्यायला लागले. आधी शिफ्टला, मग सकाळी पळायला निघतानासुद्धा. दुखणं गप्प, मी खूश. तीन किलो उतरले म्हणून ऐटीत तपासणीला गेले, तर रक्तातला किडनीचा आकडा वाढलेला.

डॉक्टरांनी खोदून विचारलं. गोळ्यांचं सांगितल्यावर त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाले, ज्या गोळ्या किडनीला मारक, त्याच खाऊन तुम्ही किडनी द्यायला निघालात. दादा, मला तिथेच रडू फुटलं. तुझ्यासाठी जपायचं ते मीच रोज चहाबरोबर नासवत होते.

आता गोळ्या बंद. महिन्याने पुन्हा तपासणी. आकडा उतरला तर ठीक, नाहीतर मी कायमची बाद. फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, सूज आहे तोवर पळायचं नाही. मग थोडं चालणं, थोडं पळणं, मधे एक दिवस आराम, आणि दुखलं की थांबायचं. म्हणजे दुखणं मला आता राखूनच ठेवायला हवं, किती पळायचं ते तेच सांगणार. शिफ्ट संपता संपता गुडघा ठणकतो आणि शेजारच्या बाया गोळी पुढे करतात. मी घेत नाही. हे मात्र शेवटपर्यंत निभावणार.

रागाव, पण उत्तर लिही. तेवढा लोभ ठेव.

तुझी,
स्वरूपा

राजगुरुनगर,
१६ डिसेंबर

चि. सौ. स्वरूपास,
अनेक आशीर्वाद.

दोन दिवस घरात धुसफुसत होतो. शेवटी तुझी वहिनी म्हणाली, रागवायचंच तर पत्रात रागवा, माझी भांडी आपटू नका. तर रागावलो. अक्कल काय त्या डब्यात ठेवून आली होतीस?

मनात पहिल्यांदा आलं ते असं, की बरं झालं, ही आता बाद, विषय मिटला. मग पत्र पुन्हा वाचलं. गोळी समोर येते आणि तू घेत नाहीस, तिथेच अडकलो. माझ्यासाठी एक जण दुखणं अंगावर काढतंय आणि मी इथे निभतंय, निभतंय म्हणून शहाणपणा शिकवतोय. निभत नाही गं. घोटभर पाण्याचाही हिशेब ठेवावा लागतो. मशीनवरून घरी आलो की चप्पल काढायचंही त्राण उरत नाही. मला जगायचंय, स्वरूपा. हे कुणाला बोललो नव्हतो.

काल डॉक्टरांना होकार देऊन आलो. तुझा आकडा उतरला तरच. नाही उतरला तर स्वतःला बोल लावायचा नाही, ही माझी अट. मशीन नसेल त्या दिवशी मीही नदीच्या पुलापर्यंत चालतो. धाप लागते, पण जातो.

गुडघ्याला जप. माया आहे म्हणून दटावतो.

तुझा,
दादा

चऱ्होली,
६ मार्च

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

आकडा उतरल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा तू पुन्हा फोन वहिनीकडे दिलास. या वेळी का, ते समजलं. आता वजनही उतरलं, बाकीच्या तपासण्या चांगल्या आल्या, आणि ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली. रविराजने सुट्टी टाकली आहे. स्वप्नाली विचारते, मामाच्या पोटात गेल्यावर आईची किडनी मामाचंच ऐकणार का. मी हो म्हटलं.

आज सकाळी पळताना गुडघा कुरकुरला. पूर्वीची मी दात आवळून पुढे गेले असते. आज थांबले आणि सावकाश चालत घरी आले. मागून येणाऱ्या कॉलेजच्या पोरी पुढे निघून गेल्या, जाऊ दिल्या. किडनी तुझी आहे दादा, सध्या माझ्याकडे आहे म्हणून जपून पळते.

भेट आता ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. तोवर लोभ दोघांनीही सांभाळावा.

तुझी,
स्वरूपा