गार खोलीतली कुजबुज

तोमोया,

"भुंगे पाळणाऱ्याच्या घरी गार खोली भुंग्यांची, घाम बायकोचा," असं तुझ्या आई लग्नाआधीच म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं. आता तुझी लेक शिओरीही त्याच खोलीत मुक्कामाला आहे.

तू आज पोचशील तेव्हा मी घरी नसेन; धाकट्या बाळाला ताप चढलाय, दवाखान्यात नेतेय. आई खाली आहेत. भाताचे गोळे झाकून ठेवलेत.

सुमात्राचा शिंगवाला भुंगा त्याच्या बाटलीत अजून कोषातच आहे. बाटली हलली तर तो मरेल, असं बदलीवर जाताना तू शिओरीला बजावलंस. तेव्हापासून ती घरभर कुजबुजतच बोलते. फोनवर गप्प असते ती रुसून नाही, आवाजानं कोष हलेल या धास्तीनं. "बाबा आले की मोठ्यानं बोलेन," म्हणते. मीही वाटच बघतेय.

बाटलीकडे नंतर जा. आधी शिओरी झोपलीय का, तेवढं बघ.

नात्सुमी