उसना गुडघा

टार्निट, १ ऑगस्ट २०२५

ति. ताईस,
निनादचा शि. सा. न. वि. वि.

आणि ते पैसे परत का पाठवलेस? फोनवर हा विषय काढला की तू कट करतेस, म्हणून कागद. कागद कट करता येत नाही. गुडघ्यासाठी साठ हजार पाठवले, ते चौथ्या दिवशी पुन्हा माझ्याच खात्यात. वर निरोप, की दहावी नापास माणसाने आधी स्वतःचं बघावं. बघतोय की! गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. नीलाच्या शिक्षणाच्या व्हिसावर नवरा म्हणून आलोय, तिचा कोर्स संपला की पर्थकडे खाणीत जाणार. त्याचे पैसे वेगळे काढतोय. एका जागी माझा पाय ठरत नाही हे तुला माहीतच आहे. पण दर रविवारी बाबा फोन उचलतात, तुला हाक मारतात, मग लांबून तुझं ते, थांब रे, येतेय. आणि भिंतीवर हात घासत तू येतेस. ते घासणं मला इथं ऐकू येतं, ताई.

दुसरं, एक सल्ला हवाय. इथल्या मराठी मुलींची बास्केटबॉल टीम मी शिकवतो. येतं ते सगळं तुझ्या मॅचला पाण्याच्या बाटल्या धरून शिकलेलं. पोरी पंधरा-सतराच्या, मराठीत विचारलं तरी नो वरीज म्हणणाऱ्या, आणि लीग खुल्या वयाची. चार मॅच ओळीने हरलो. आमचे अध्यक्ष हृषिकेश, पुण्याचे आयटीवाले, म्हणतात अदलाबदल करू. पॉइंट कुकच्या टीममधल्या मधुवंती मॅडम आपल्याला, आपल्या मैथिली आणि सुखदा त्यांना. मॅडम त्रेचाळीसच्या, एकेकाळी राज्याकडून खेळलेल्या, ज्या टीमला जातात ती फायनलला जाते म्हणे. मी म्हटलं, दोन वर्षं द्या, याच पोरी जिंकून दाखवतील. तर म्हणाले, दोन वर्षांनी त्या युनिव्हर्सिटीला जातील आणि तू पर्थला.

मॅडमचा खेळ बघून आलो. डोळे निवतात असा. फक्त एक आहे. लाकडी फ्लोअरवर सगळ्यांचे बूट चिर्र-चिर्र करतात, त्यांचे करत नाहीत. आणि त्यांच्या टीमची सगळ्यात लहान पोरगी, कोच विनयचीच मुलगी, बाकावर बसून होती, उजवा हात आखडून पोटाशी धरलेला. माझ्याकडे बघून ती हसली, मला हसता आलं नाही.

दहा तारखेला, रविवारी, सही करायचीय. तू काय केलं असतंस? राखी पोचली. मी आधीच बांधून बसेन म्हणून नीलाने लपवून ठेवलीय. रागावलीस तरी माया कापू नको, ती पगारातली नाही.

तुझा,
निनाद


सांगली, १७ ऑगस्ट

चि. निनादास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र काल पोचलं, म्हणजे माझा सल्ला वरातीमागून घोडं. तरी सांगते. मी त्या पोरींना दोन वर्षं दिली असती. तयार खेळाडू आणली की बाकीच्या तिला पास द्यायला शिकतात, दुसरं काही शिकत नाहीत. शाळेत पी.टी. शिकवायची तेव्हा हेच बघितलंय. आता शाळेच्याच लायब्ररीत बसून पुस्तकांना शिकवते.

पैशाचं मात्र आता सोड, कारण गुडघा बरा आहे. थट्टा नाही करत. गेल्या रविवारी, दहा तारखेला, सहा वाजता उठले, चहा टाकला, आणि चहा उकळल्यावर लक्षात आलं की स्वयंपाकघरापर्यंत भिंत न धरता आले. दुपारी मांडी घालून जेवायला बसले. बाबांचा घास हातातच राहिला. तेव्हापासून तिन्ही जिने दिवसातून चारदा करते, उगाचच. डॉक्टर म्हणतात तुटलेला लिगामेंट आपोआप जुळत नसतो. न जुळो बापडा. फक्त पाय फार हलका वाटतो, कुणाचा तरी मागून आणल्यासारखा.

नीलाला सांग, अभ्यास सोडून तुझे डबे करत बसू नको. ताईशी असाच भांडत राहा.

तुझी,
ताई


टार्निट, ३१ ऑगस्ट

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र गोडाऊनच्या पार्किंगमध्ये वाचलं.

सही मी केली, आणि तुला सांगावं लागू नये म्हणून तेव्हापासून रविवारचे फोन टाळले. हृषिकेश आणि सगळी कमिटी समोर उभी, मी नाही म्हणू शकलो नाही. दहा तारखेला सकाळी साडेदहाला. तुझ्याकडे तेव्हा सहा. मॅडम बुटाची नाडी बांधत होत्या. मी पेन उचललं तर त्यांनी विचारलं, घरी कुणाला काही दुखतं का. आपल्याकडे कुठलीही मावशी विचारते तसं. मी म्हटलं, ताईचा डावा गुडघा. त्यांनी मान हलवली आणि दुसरी नाडी बांधली. एवढंच झालं.

त्यानंतर एकही मॅच हरलेलो नाही. पण आमची सगळ्यात लहान कादंबरी, पंधरा वर्षांची, त्याच दिवशीच्या सरावात लंगडायला लागली. डावा गुडघा. फिजिओ झाला, एमआरआय झाला, कशात काही नाही. स्टँडच्या पायऱ्या ती तिरकी होऊन, भिंतीला हात घासत उतरते. ती चाल मी लहानपणापासून नाही, पण दहा वर्षं बघितलीय. परवा दुपारी मी तिला हाक मारली, तर ही जन्मात मराठी न बोललेली पोर तिकडून म्हणाली, थांब रे, येतेय. आवाज तिचाच, कंटाळा तुझा. नंतर विचारलं तर म्हणे, मी कुठे काय बोलले.

मग पॉइंट कुकच्या कोचला, विनयला गाठलं. आधी हसण्यावारी नेलं, मग गाडीच्या टपावर डोकं टेकून रडला. त्याच्या आईचा उजवा हात अर्धांगवायूने गेलेला. मॅडम टीममध्ये आल्या तशी आई आपल्या हाताने जेवायला लागली, आणि टीममधल्या सगळ्यात लहान पोरीचा हात आखडला. ती याचीच मुलगी. आमच्याशी अदलाबदल झाली त्या सकाळी मुलीचा हात सुटला आणि आईच्या हातून कप पडला. मला आधी का नाही सांगितलंस म्हटलं, तर म्हणाला, सांगितलं असतं तर तू घेतली असतीस का.

अठ्ठावीस सप्टेंबरला सेमीफायनल. ताई, खोटं बोलत नाही, मनात येतं की राहू दे असंच. कादंबरीला गाडीतून नेणारे आईबाप आहेत. तू दहा वर्षं भिंत धरलीस. मग ती हात घासत पायऱ्या उतरते आणि माझी मान खाली जाते. हे फोनवर बोलवत नाही. बोललं की खरंच होईल असं वाटतं. काल रात्री आलेला मुका फोन माझाच. बाबांनी हाक मारायच्या आत तू हॅलो म्हणालीस आणि मी घाबरून ठेवला.

तू म्हणशील तसं करतो. उत्तर देताना मला लहान समज.

निनाद


सांगली, १२ सप्टेंबर

चि. निनादास,
आशीर्वाद.

यंदा गणपती मी आणला. दुकानापासून चालत, तिन्ही जिने चढून, मूर्ती हातात. बाबा मागे धापा टाकत होते. शाळेत मुलींनी बॉल हातात दिला तर धावत जाऊन, उडी घेऊन बास्केटमध्ये लेअपही मारला. हे सगळं झालं हे तुला कळावं, म्हणून आधी लिहिलं.

ते तुझं वेड आहे असं मी म्हणणार नाही. लेअपला धावले तेव्हा माझ्या पावलांचा आवाज आला नाही, निनाद. मुलींनी एकमेकींकडे बघितलं. तुझं पत्र वाचून उठले आणि सवयीने भिंतीला हात लावला. गरज नव्हती. तेव्हा वाटलं, या वेळी दुसऱ्या कुठल्या तरी भिंतीवर त्या पोरीचा हात असेल.

माझा गुडघा मला परत कर. तो माझा आहे. त्याला कुठे बसवायचं, कुठे उचलायचं, मला ठाऊक आहे. तिला पंधराव्या वर्षी ते शिकायला लावू नको. सेमीफायनलच्या आधी कर, नंतर नाही. नंतर तू फायनलचं बघशील, मी तुला ओळखते.

आणि या वेळी पैसे पाठवलेस तर परत करणार नाही. हरलो म्हणून सांगायला मात्र लाजू नको.

ताई


टार्निट, २९ सप्टेंबर

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हरलो. एकतीस पॉइंटनी.

मॅचच्या आधी टीमच्या यादीतून मॅडमचं नाव मी खोडलं. हृषिकेश अख्ख्या हॉलसमोर मला अडाणी म्हणाले. म्हटलं, ते तर मार्कशीटवरच आहे. मॅडम रागावल्या नाहीत. जर्सीची घडी करून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, ताईंना म्हणावं, जिना जपून उतरा. ताई, जर्सी दुकानातून आणल्यासारखी कोरडी होती, थंड. त्या दारातून गेल्या, तोवर कादंबरी बाकावरून उठून धावत सुटली होती. तिच्या बुटांची ती चिर्र! बाकीच्या कानांवर हात ठेवून हसत होत्या, मी बॉलच्या पिशवीत तोंड घालून उभा होतो.

विनय मैथिली-सुखदाला परत पाठवतोय, बदल्यात मॅडम नकोत म्हणाला. मॅडमना ब्रिस्बेनहून, स्प्रिंगफील्ड लेक्सच्या टीमने बोलावलंय. तिथल्या कोचला मी फोन करून सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, त्याच्या वडिलांना दिसत नाही. मी पुढे बोलतच होतो, पण त्याने फोन ठेवला होता.

मी पर्थला जात नाही. या पोरींची दोन वर्षं मीच मागितली होती, आता मीच द्यायला हवीत. नीला म्हणाली, बघू किती टिकतोस.

संध्याकाळी तुला फोन केला. बाबांनी उचलला, हाक मारली. लांबून तुझं आलं, थांब रे, येतेय. मग भिंतीवरचा हात. तू पोचायच्या आत मी ठेवला. बाबांना सांग, लाइन गेली.

येशील तेव्हा ये, मी थांबलोय. लोभ तेवढा पुढे पाठव.

तुझा,
निनाद

ता. क. ऑपरेशनची तारीख घे. तू परत केलेले आणि पर्थसाठी काढलेले मिळून आज पाठवतोय, रुपये एक लाख साठ हजार.