डोंगरावरचा फणस

बाळ जुरांदिर,

तुझी लेक जुसारा आता रिओच्या या डोंगरावर रान लावायच्या कामाला जाते. खाली समुद्र, पुढे ती बूट घालून, मागे मी धापा टाकत. मला झाडांची नावं शिकवते रे, इतकं बरं वाटतं.

काल मी वळणावर पोचेपर्यंत तिनं एका फणसाची साल गोल सोललीसुद्धा.

"आजी, हा बाहेरचा. दुसऱ्या झाडांना वाढू देत नाही. आता उभ्याउभ्या वाळेल."

"बाहेरचे तर आपणही, गं."

"आपल्याला कोण सोलतंय?"

ती आईच्या पोटात असताना, बोटीवर जायच्या आधी तूच लावलेला रे तो फणस. तू बुडालास, तिनं बापाचं काहीच पाहिलं नाही. मी नुसता खोडाला हात लावला.

घरी ती तेल लावून माझ्या बोटांना लागलेला चीक काढत बसली. डोळ्यांत पाणी पाहून म्हणाली, "झोंबतंय का?"

मी हो म्हटलं.

हे कुठे पाठवणार, उशीखालीच ठेवते.

तुझी आई,
झुल्मिरा