तुझ्या जागी वकील

अंकुशनगर

चि. भुजंगास द्वारकाआक्काचा आशीर्वाद. तू, आकांक्षा आणि लेकरं पुण्यात खुशाल असालच. तुझी तब्येत विचारत न्हाई. घरबसल्या बहिणीला कागद धाडण्याइतकी ती ठणठणीत आहे, हे मी काल डोळ्यांनी बघितलं. माझा राग अजून उतरला न्हाई, म्हणून अक्षर वाकडं आलंय (एरवी सरळ असतं असं न्हाई).

तू फोनवर म्हणलास, आक्का, घनसावंगीला जा, आबांच्या रानाच्या कागदावर एक सही आहे. मला वाटलं तूही येणार. आपल्याकडं बहीण रानावरचा हक्क सोडती, तवा भाऊ तिला साडी नेसवतो, जेवू घालतो, आणि मंग दरसाल दिवाळीला न्यायला येतो. आपल्या आत्यानं असंच सोडलं. म्हणून मी पहाटे धपाटे केले, ठेचा बांधला, कुंकवाचा करंडा घेतला आणि जीपमधी एका बोकडाला टेकून तिथवर गेले. तर तू न्हाईच. रजिस्ट्री कचेरीशेजारच्या खोलीत तुझा केशव वकील बसलेला. टेबलावर कागद, कागदावर साडी.

मी म्हणलं, वाचून दाखवा. 'लिहून देणार' म्हणजे मी; मी तर एक अक्षर लिहिलं न्हाई. 'लिहून घेणार' म्हणजे तू, जो तिथं नव्हताच. 'विनामोबदला' म्हणजे फुकट. 'स्वखुशीने' म्हणजे मी आनंदात आहे. माझं तोंड बघूनही त्यानं ते खोडलं न्हाई. वर लिहिलेलं, यापुढे बहीण कसलीही तक्रार करणार नाही. असं आपल्या घरात आजवर कोण्या बहिणीनं केलेलं न्हाई.

विचारलं, भुजंग कुठाय? तर म्हणला, "ते येणार न्हाईत, त्यांनी मला कुलमुखत्यारपत्र दिलंय. म्हणजे त्यांच्या जागी मी. मी केलं ते त्यांनीच केलं, असं धरायचं." मला सांग, भुजंगा. भावाची जागा अशी सहीनं देता येती? आणि वकील म्हणतो, बाई, साडी घ्या, अंगठा द्या, कचेरीत नंबर लागलाय.

मंग मीही कायद्यानंच चालले. त्याला पूर्वेला तोंड करून बसवलं, कुंकू लावलं, धपाटे खाऊ घातले (ठेच्यानं नाक गळून राह्यलं, तरी खाल्ले), आणि आईच्या आजारपणात तू फिरकला न्हाईस तिथपासून सगळं त्याला बोलले. बाकीचे पक्षकार दारात उभं राहून ऐकत होते. तो म्हणला, बाई, हे मी न्हाई केलं. मी म्हणलं, केलं असं धरायचं.

शेवटी त्यानं चष्मा पुसला. म्हणला, आक्का, आज राहू द्या.

सही न करता आले.

तुझी थोरली बहीण,
द्वारका

ता.क. साडी मात्र आणली. रंग बरा आहे.

ता.क. दुसरा. रान मला नकोच, तूच घे. पण दिवाळीला स्वतः न्यायला ये. जाता जाता घनसावंगीला उतरू, सही करीन. स्वखुशीने.

ता.क. तिसरा. आत्ताच केशव वकिलाचा फोन आल्ता. त्याला बहीण न्हाई. भाऊबीजेला येऊ का, म्हणून विचारत होता. तू आला न्हाईस तर त्याला हो म्हणीन. मंग तो कोणाचा वकील, ते तू धरून चाल.