रिनछेनलिंगच्या तलवारीचं वय

प्रति,
मा. शस्त्रनोंद अधिकारी,
खोरे वारसा कार्यालय, भूतान

विषय : गावच्या तलवारीचे वय कमी करून मिळणेबाबत.
संदर्भ : आपण तिला बांधलेली चिठ्ठी, "अतिप्राचीन. राजधानीस पाठवावी."

महोदय,

"सांगताना थोडं वाढवून सांगावं जाम्पेल, देवांनाही ऐकायला बरं वाटतं," हे आमचे जुने पुजारी आपा वांगडी यांचे बोल मी लहानपणी ऐकले आणि इमानाने पाळले. प्रस्तुत अडचण त्यातूनच उद्भवली आहे.

१. आपण आमच्या मंदिरात रक्षकदेवतेच्या खोलीतील शस्त्रे पाहण्यास आलात, तेव्हा ही तलवार दक्षिणेच्या लढाईत शत्रूकडून हिसकावलेली आहे, असे मी कळवले. गावप्रमुख आपा रिन्झिन म्हणाले, उत्तरेच्या. दारूच्या दुसऱ्या पेल्याला ती लढाई आणखी एका राजाइतकी मागे गेली. आपण पात्यावरच्या केसासारख्या रेघा निरखून म्हणालात, "लोखंड खरंच जुनं आहे हो." झालं. तलवार खेचरावर चढली.

२. तदनंतर वय उतरवण्यासाठी गावसभा भरली. आपा रिन्झिन म्हणाले, "लिहा, माझ्या लग्नात घडवली." त्यांच्या पत्नीने विचारले, "कुठल्या लग्नात? माझ्या लग्नात तर कंबरेला साधा सुरासुद्धा उसना होता तुमच्या." सबब ठराव बारगळला.

३. काल मी आईसह कार्यालयात आलो. रक्षकदेवतेच्या खोलीत बायकांना पाऊल टाकता येत नाही, त्यामुळे तलवार तिथे टांगल्यापासून आईच्या दृष्टीस पडली नव्हती. काल ती आपल्या टेबलावर होती. "मुठीवरची ही लाल वीण कुठल्या दरबारातली?" असे आपण विचारलेत. आईने विणीवरून नुसते बोट फिरवले.

४. तरी लोखंडाचे वय आपण म्हणाल ते मान्य. लढाया आम्ही मागे घेतो. तलवार मात्र जत्रेआधी तिच्या खुंटीवर परत यावी. कारण, परतताना पुलावर आई बोलली, ते असे :

"दरबार कसला, माझ्या नेसायच्या किऱ्याची किनार आहे ती. मीच विणलेली, मीच गुंडाळलेली. तू तान्हा होतास, श्वास घेता येत नव्हता तुला. तुझा बाप शिकारी. आज्याकडून आलेली तलवार त्यानं देवाला दिली, पुन्हा जीव घेणार नाही म्हणाला. दिलेलं बोलून दाखवायचं नसतं, म्हणून मी बोलले नाही. पण ती तिथं टांगलेली आहे, म्हणून तू इथं उभा आहेस रे. जा, घेऊन ये तिला."

तिच्या वाटेकडे डोळे लावून,
आपला नम्र,
जाम्पेल नोर्बू, पुजारी, रिनछेनलिंग
आठव्या महिन्याची पंचमी

सोबत : किऱ्याचा उरलेला तुकडा, वीण ताडून पाहण्यासाठी. आईने परत मागितला आहे.